सगळ्यांना चालेल अशी सायकल

लालबाग, मुंबई
१० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचं पत्र आणि पोह्यांचा डबा, दोन्ही पोचलं. पोहे संपले, पत्र आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारच्या बाई काय झालं म्हणून दार उघडतात. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटानं तुझे कान नेले, त्यापायी माझं अक्षर सुधारलं असं आता समजायचं.

बातमी अशी की तुझी धाकटी बहीण एकोणसाठाव्या वर्षी सायकल शिकली. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा, सायकल चालवा. आमच्या भोईवाड्याची नम्रता शाळेत खेळ शिकवते. ती रविवारी सकाळी फाइव्ह गार्डनला बायकांना सायकल शिकवते. पहिले चार रविवार ती मागून सीट धरून पळाली. पाचव्या रविवारी तिनं हात सोडला आणि मला ते सांगितलंच नाही. कळलं तेव्हा मी रडले. चालवत होते आणि रडत होते, बाकीच्या बायकांना वाटलं डोळ्यात काही गेलं.

आता मनातलं सांगते. येत्या शिमग्याला मला आपल्या सड्यावरून, त्या उघड्या कातळमाळावरून, सायकल चालवायची आहे. वाडीपासून समुद्राच्या कड्यापर्यंत ती लाल मातीची वाट आहे ना, ती. मागे कुणी न धरता. नम्रताची सायकल डिसेंबरात पुढच्या बायकांना जाईल, म्हणजे माझी स्वतःची हवी. दुकानात तीन प्रकार दाखवतात. बारीक टायरची, ती गुळगुळीत रस्त्याची. जाड, दातेरी टायरची, ती मातीची. आणि मधली, ती ज्यांचं ठरत नाही त्यांची. पुढे स्प्रिंग असलेली मिळते, पुढे-मागे दोन्हीकडे असलेलीही मिळते. नवशिक्या बाईनं काय घ्यावं, ते तू सांग.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून जरा लवकर पाठव.

तुझी,
मालन


वरचीवाडी, ता. देवगड
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मालन हिस,
जयवंतचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सायकल या विषयात मला विचारलंस ते योग्य केलंस. वाडीत या विषयातलं दुसरं माणूस नाही. रे रोडच्या लाकडाच्या वखारींपर्यंत मी भाड्याची सायकल मारीत असे, तेव्हा तू दप्तर सांभाळू शकत नव्हतीस.

जाड टायरचीच घे. सड्यावर खडी आहे, बारीक टायर तिथे टिकायचा नाही. स्प्रिंग पुढे पुरे. मागची स्प्रिंग म्हणजे वजन आणि दुरुस्ती, ती डोंगरावरून उड्या मारणाऱ्यांना लागते, तू मारणार नाहीस असं मी धरून चालतो. गियर थोडे असलेले बरे, नवशिक्याचा अर्धा वेळ गियर शोधण्यात जातो. ब्रेक मात्र चांगले घे. घंटी आणि स्टँड दुकानदार विसरेल, तू विसरू नकोस.

मुख्य गोष्ट मापाची. एक माप मोठीच घे. किंमत तीच, लोखंड जास्त. शिवाय घरात वस्तू येते ती घरासाठी. तुझ्या दीपकरावांना बसता आलं पाहिजे, लेकीला, आकांक्षालाही बसता आलं पाहिजे. आईनं आपले शाळेचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवले, कुणाचं काही बिघडलं नाही. तुझं अंग आता वाढायचं नाही हे मला समजतं, पण तत्त्व तत्त्व आहे.

तुझी वहिनी आशीर्वाद सांगते. ती भात वाळत घालते आहे. सायकलीबद्दल तिचं काही म्हणणं नाही.

तुझा,
दादा


लालबाग, मुंबई
१५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सायकल आली. काळी, जाड टायरची, पुढे स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्कचे ब्रेक. तुझ्या शब्दाबाहेर काही नाही.

नम्रतानं बजावलं होतं की सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. दोन्ही पावलं सपाट जमिनीवर, आणि दांडा व आपण यांच्यात मोकळी जागा हवी. खाचखळग्याच्या वाटेवर अचानक उतरावं लागतं, म्हणून थोडी जास्तच हवी. जागा नसेल तर रंग कितीही आवडो, घेऊ नका. मी घरी येऊन हे सांगितलं. दीपक म्हणाले, नम्रताला आपल्या घरात माणसं किती ते ठाऊक नाही. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, त्यावर ते म्हणाले की तुमच्या दादांशी माझं पहिल्यांदाच एकमत झालं. मग आम्ही तिघं दुकानात गेलो.

लहान मापाची मला बरोबर होती. तिच्यावर दीपकचे गुडघे हँडलला लागत होते. मोठी दीपकना बरोबर होती. आकांक्षा बापाच्या उंचीवर गेली आहे, तिलाही चालत होती. म्हणजे तिघांपैकी दोघांना चालणारी, अशी बहुमतानं निवडली. दीपकनी मागे कॅरियर लावून घेतलं, आकांक्षानं मोबाइलचं स्टँड, मी तू सांगितलेली घंटी. बिल माझ्या नावावर आहे.

मी चढू शकते, चालवूही शकते. थांबायची सवय व्हायची आहे. सायकलीचा फोटो सोबत पाठवते.

आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
मालन


वरचीवाडी
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. सायकल उत्तम, भारदस्त आहे. फोटोत दीपकराव बसले आहेत. कोपऱ्यात पिशवी धरून उभी आहेस ती तूच का, हे तुझ्या वहिनीनं विचारलं आहे.

तुझा,
दादा


लालबाग, मुंबई
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हो, ती मीच.

मी पडले. हाड मोडलेलं नाही, तेव्हा फणसपोळी पाठवायची घाई नको. सीट अगदी खाली केली तरी माझे फक्त चवडे टेकतात. म्हणून मी फूटपाथ बघून थांबत असे. फूटपाथला लागून घ्यायची, डावा पाय त्यावर ठेवायचा, असं जमवलं होतं. नम्रता म्हणाली, काकी, सड्यावर फूटपाथ कुणी बांधून ठेवलाय? मी म्हटलं, बघू. त्याच रविवारी एक कुत्रा आडवा आला. फूटपाथ दूर होता. मी उतरायला गेले आणि खाली जमिनीऐवजी दांडा भेटला. कुठे लागलं ते भावाला लिहिण्यासारखं नाही. नंतर सायकल माझ्या अंगावर पडली, कॅरियरसकट.

तेव्हापासून सायकलीचा उपयोग असा चालला आहे. दीपक रोज तिच्यावरून मासळी आणतात आणि म्हणतात, वस्तू वसूल होते आहे. रविवारी आकांक्षा फाइव्ह गार्डनला ती चालवते. मी तिची पाण्याची बाटली धरून बाकावर बसते. लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते, ते काम माझं, कारण मी घरी असते.

दादा, मला वाईट वाटलं. रागही आला, आणि तुझाही आला. मी विचारलं होतं की नवशिक्या बाईनं कुठली घ्यावी. सगळ्यांनी मला कुटुंबानं कुठली घ्यावी ते सांगितलं, आणि मी मान डोलावली. आठवून पाहिलं तर या घरात माझ्या एकटीची म्हणून चष्म्याखेरीज वस्तू नाही, आणि तोही दीपकनी दोनदा लावून पाहिला आहे.

शिमगा दोन महिन्यांवर आहे. या सायकलीवर मी सड्यावर येणार नाही. मला भीती वाटते.

राग लिहून झाला. बाकी आहे तसंच आहे.

तुझी,
मालन


वरचीवाडी
३० जानेवारी २०२५

चि. सौ. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

पडल्याचं वाचून काळजी वाटली. शेकून घे.

तथापि, सायकल एकदाच घेतली जाते. आम्ही चोवीस इंची सायकलवर दांड्याखालून पाय घालून शिकलो, कुणी आमचं माप घेतलं नाही. माणसानं सायकलीशी जुळवून घ्यावं, सायकल माणसाशी घेत नाही. संसार असाच होतो.

हे शेवटचं वाक्य तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती मोठ्यानं हसली आणि काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि तिनं परत सांगितलं नाही.

शिमग्याला ये. सायकल नसली तरी ये.

तुझा,
दादा


लालबाग, मुंबई
२३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सायकल दोनदा घेतली जाते. मी घेतली.

गेल्या मंगळवारी दीपक मासळीला आणि आकांक्षा ऑफिसला गेल्यावर मी एकटी दादरच्या दुकानात गेले. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही, आणि याबद्दल मी माफी मागत नाही. दुकानातल्या प्रत्येक सायकलीवर दोन्हीकडे पाय टाकून उभी राहिले. गिऱ्हाइकं बघत होती, बघू दे म्हटलं. विक्रेता म्हणाला, मॅडम, एक साइज मोठी घ्या, साहेबांनाही उपयोगी पडेल. मी सांगितलं की साहेबांकडे आहे.

मग एक सापडली. सर्वात लहान फ्रेम, चाकंही जरा लहान, जाड टायर, पुढे स्प्रिंग. मधला दांडा पुढून मागे उतरत जातो. पावलं सपाट टेकली, दांडा आणि मी यांच्यात हात जाईल एवढी जागा राहिली. हँडल धरायला वाकावं लागलं नाही. माझी बोटं ब्रेकच्या मुठीपर्यंत पोचत होती, पहिल्या सायकलीवर पोचत नव्हती हे मला तेव्हा कळलं. रंग नारिंगी होता. तो मला मुळीच आवडत नाही. त्या मापात तेवढी एकच होती, म्हणून घेतली. आता आवडतो.

घरी सगळ्यांनी बसून पाहिलं. दीपक पॅसेजमध्ये वळलेच नाहीत. आकांक्षानं खाली एक फेरी मारली, उतरली आणि म्हणाली, आई, ही तुझ्याशिवाय कुणाच्याच कामाची नाही. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले, इतका आनंद झाला होता.

दीपक दोन दिवस माझ्या सायकलीकडे न बघता मासळीला गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या चाकात हवा भरून ठेवलेली दिसली. कोणी भरली ते मी विचारलं नाही.

शिमग्याला येते. सायकल बसच्या डिकीत आडवी घालून आणते. लोभ असेल तर आणायला फाट्यावर ये, नसेल तर मी चालवत येईन.

तुझी,
मालन


वरचीवाडी
२४ मार्च २०२५

चि. सौ. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

तू मुंबईला सुखरूप पोचल्याचं आकांक्षानं शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं, ते त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं.

तू सड्यावरून गेलीस त्याबद्दल इथे असताना बोलायचं राहिलं. मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. चढावर उतरून चालत जाशील अशी माझी अटकळ होती. तू गियर बदललास आणि बसूनच चढलीस. खडीच्या जागी थांबलीस, पाय टेकलेस, बघितलंस आणि परत निघालीस. मध्ये मी दोनदा उठून उभा राहिलो, ते मुंग्या होत्या म्हणून. कड्यापाशी तू पोचलीस तेव्हा एवढीशी दिसत होतीस. हात केलास. मीही केला, पण तुला दिसला की नाही कोण जाणे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तू दुपारी झोपलीस तेव्हा सायकलीवर मी बसून पाहिलं. जमलं नाही. ही सायकल कुणाच्याच कामाची नाही असं मी वाडीत सांगितलं आहे.

एक तक्रार आहे. तू होतीस ते चार दिवस पहाटे सायकल पडवीत जागची हललेली असे, आणि टायरला दवाची ओली माती. तू तर उशिरा उठायचीस. वाडीतली पोरं नेत असावीत. पुढच्या वेळी कुलूप आण.

तुझा,
दादा


वरचीवाडी
२६ मार्च २०२५

प्रिय मालन,
वहिनीचा आशीर्वाद.

तुला मी पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. एरवी माझा आशीर्वाद ह्यांच्याच पत्रातून येतो.

कुलूप आणू नकोस. पोरं नव्हती, मी होते. माहेरी वेंगुर्ल्याला मी दहावीपर्यंत शाळेत सायकलवरून जात असे, भावाच्या. लग्नानंतर कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तू लिहिलंस ते सगळं हे मला मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि सायकल कशी घ्यावी तेही मलाच समजावत होते. मी भात वाळवत ऐकून घेतलं.

पहिल्या पहाटे नुसतं उभं राहून पाहायचं ठरवलं होतं. पावलं सपाट टेकली. मग राहवलं नाही. चौथ्या दिवशी कड्यापर्यंत गेले, लुगड्याचा काष्टा घालून, बासष्टाव्या वर्षी. कुणी नव्हतं. परत आल्यावर चूल पेटवली, चहा केला, तुम्हा दोघांना उठवलं.

तुझी सायकल मला अगदी बरोबर बसते. पण ती तुझी आहे, ती मी मागत नाही. पुढच्या खेपेला ठेवून जाते म्हणशील तर तेही नको. मला माझी हवी.

ह्यांना काल जेवताना सांगितलं, मोठ्यानं. ऐकू आलं नाही असं दाखवतात, पण भाताचा घास हातात राहिला तो राहिलाच.

माप कसं घेतात ते कळव. उत्तर माझ्या नावानं टाक.

तुझी,
रखमावहिनी