नव्या फळ्यांना जुना रंग

१४ ऑक्टोबर
पोचले एकदाची. हँकॉकपासून इथवर मेपलची झाडं लालभडक, ऊन छान, आणि गाडीत मागे माझ्या लाकडी जमीन घासायच्या मशीनचा खडखडाट. घर भक्कम आहे, इथली खाण जोरात चालायची त्या दिवसांत बांधलेलं. मालकीण साइमा कांगास. दारातच कॉफी आणि वेलचीचा गोड पाव पुढे केला आणि म्हणाल्या, जमीन घासणारी बाई म्हणजे मला वाटलं काटकुळी असेल, तू तर मशीन काखेत मारून आणशील. मी म्हटलं, आणतेच.

काम माझ्या हातचं. त्यांच्या मुलाने, आर्व्होने, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यातली भिंत पाडलीय. तिथे लाकडी जमिनीत फट राहिली, ती नव्या ओकने भरायची. चुलीपाशी एक मोठा काळा डाग आहे, तो कापून तिथेही नव्या फळ्या. मग नव्याला जुन्याचा रंग द्यायचा. लोकांना वाटतं डब्यावरचं नाव वाचलं की झालं. जुना ओक वर्षानुवर्षं ऊन आणि पाय खाऊन मधासारखा झालेला असतो, तो डब्यात मिळत नाही. मी अंगठा चाटते आणि लाकडावर फिरवते. ओलं झालं की पॉलिशखाली कसं दिसेल ते कळतं. मग थोडा अक्रोडी, थोडा तांबूस, असं मिसळत जाते. मिश्रण विसरते म्हणून ही वही. शाळा फार झाली नाही, पण नव्या-जुन्या लाकडाचा मी केलेला जोड अजून कुणाला ओळखता आला नाही.

झोपायला वरची खोली मिळाली. गादी मऊ. बरं वाटतंय.

१६ ऑक्टोबर
सकाळी मशीन लावलं तर साइमाबाई वायर धरून उभ्या. म्हणाल्या, बाकी काय हवं ते घास पोरी, हा डाग राहू दे. हा ओन्नी आहे. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आर्व्होने बाजूला घेऊन सांगितलं. ओन्नी म्हणजे त्याचा बाप. चुलीपाशी कोसळला तेव्हा घरात कुणी नव्हतं, बरेच दिवस तसाच पडून होता. ओकमध्ये तसलं काही मुरलं की काळंच पडतं, घासून जात नाही. मग मी नीट पाहिलं. खांदा कळतो. पसरलेला हात कळतो. साइमाबाई त्याच्याशेजारी खुर्ची टाकून कॉफी पितात आणि गावातल्या भानगडी त्याला सांगतात.

आर्व्हो म्हणाला, आईला पुरतं वेड लागायच्या आत काढून टाक. तो सरोवरातल्या मालाच्या बोटीवर आहे, आता सरोवर गोठून बोटी बंद होईपर्यंत येत नाही. मी म्हटलं, जा तू, म्हातारीचं मी बघते.

१९ ऑक्टोबर, शनिवार
साइमाबाई चर्चमध्ये बायकांबरोबर पाव भाजायला गेल्या. तेवढ्यात कापलं. फळ्यांना वास होता, शेडमध्ये ठेवायचीही किळस आली. शनिवार, वाफेच्या अंघोळीचा सौना तापवायचाच होता. भट्टीत घातल्या. झकास पेटल्या.

त्या आल्या, चुलीपाशी पांढऱ्या फळ्या पाहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, कुठे ठेवलंस त्याला? मी म्हटलं, कापडात गुंडाळून शेडमध्ये, काम झालं की देते. का म्हटलं कोण जाणे. एरवी मी तोंडावर सांगून मोकळी होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, तू माणूस आहेस गं, माझा मुलगाच दगड निघाला.

मग दोघी सौनात बसलो. त्यांनी तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावर आली. त्यांनी डोळे मिटून छातीभर ओढली. म्हणाल्या, आज वाफ किती मऊ आहे, अगदी ओन्नीच्या हातची. आम्हा फिनी लोकांत या वाफेला जो शब्द आहे, तोच जुनी माणसं जिवासाठी वापरायची. ते मला तिथे बसल्यावर आठवलं. श्वास धरला. किती वेळ धरणार? घेतलीच आत.

२१ ऑक्टोबर
रंग जमेना. मिश्रण बरोबर होतं. अंगठा चाटला, नव्या फळीवर फिरवला. काळं. शाई सांडावी तसं. नळाचं पाणी लावलं, काही नाही. पुन्हा थुंकी लावली, काळं. घामाचा थेंब पडला, तिथेही. दोष फळीचा नाही.

साइमाबाईंनी मला ओन्नीचे लोकरी मोजे दिले. म्हणाल्या, तुझे पाय गार पडतात, त्याला आता कशाला लागतायत. तो धिप्पाड होता. मोजे मला बरोबर बसले.

२४ ऑक्टोबर
बर्फ पडलं. साइमाबाई शेडमध्ये ओन्नीला शोधत होत्या. हात निळे पडलेले. मी ओढून आत आणलं तर माझ्यावरच डाफरल्या, ठेवलास कुठे ते धड सांगता येत नाही तुला?

सांगायची ती वेळ होती. त्याऐवजी मी लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये भिजवला. ते पाणी लावलं की ओक काळा पडतो. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून उरलेल्या नव्या फळ्यांवर खांदा काढला, हात काढला, कडांचा तो करपट तपकिरी रंगसुद्धा आणला. असा जोड जन्मात जमला नव्हता. शरम वाटली. आणि अभिमानही वाटला, त्याची जास्त शरम वाटते.

याच त्या म्हणून फळ्या साइमाबाईंपुढे ठेवल्या, तर त्यांनी त्यांवर गाल टेकला. म्हणाल्या, त्याला पुन्हा त्याच्या जागी बसव. बसवला.

२७ ऑक्टोबर
त्या दिवसभर खुर्चीत. म्हणतात, बोलत नाही गं. रागावलाय का? तू कापताना त्याला दुखलं का? मी म्हटलं, नाही. पाव तसाच पडलाय. कॉफीसुद्धा नको म्हणाल्या.

माझ्यामुळे एक म्हातारी लाकडाच्या तुकड्यापुढे माफी मागतेय—

२८ ऑक्टोबर
आज उठून चादर पाहिली. मी झोपले होते तिथे काळा ठसा. माझा नाही. माझे खांदे एवढे रुंद नाहीत. आणि हात पसरलेला. मी हात छातीशी घेऊन झोपते.

चादर जाळायला निघाले. जाळायला— नाही. घडी करून ठेवली.

३० ऑक्टोबर
सांगितलं. भट्टी, वाफ, व्हिनेगर, चादर, सगळं साइमाबाईंना. मला वाटलं थोबाडीत देतील. द्यायला हवी होती.

मग त्यांनी स्वतःचंच सांगायला घेतलं. ओन्नी कोसळला तेव्हा त्या बहिणीकडे डुलुथला होत्या. बसने परत यायचं होतं, पत्त्यांचा डाव रंगला म्हणून मुक्काम वाढवला. तो पडला होता तेव्हा त्या हसत होत्या. एवढंच विचारायचंय त्याला, लगेच गेलास का. म्हणून रोज कॉफी घेऊन बसायच्या, आणि रोज दुसरंच बोलायच्या.

म्हणाल्या, माझ्याही श्वासात गेला असेल, पण माझ्यात थांबला नाही. माझ्यावर रुसलाय. तुझ्यात राहिलाय. त्याला खाली उतरव.

खोट्या फळ्या काढल्या. कोऱ्या ठोकल्या.

१ नोव्हेंबर
चुलीपाशी कोऱ्या फळ्यांवर पाठ टेकून पडलेय. उघड्या अंगाने. वही छातीवर. खिडकीतून ऊन आहे, सगळं स्वच्छ दिसतं. लाकूड माझ्या पाठीतून ओढून घेतंय— मान वळवली तर खांद्याची कड दिसते. रंग बरोबर आहे. मी काही मिसळलेलं नाही.

साइमाबाई गुडघे टेकून बसल्यात. त्याला नावाने हाक मारली.

आता मला माहीत आहे. लगेच नाही गेला. दारापर्यंत सरकायला बघत होता. दिवस मावळताना ऐकत होता बसचा आवाज— थांबते का, उतरते का ती—

हे त्यांना कळता कामा नये.

त्या विचारतायत. वाकून, अगदी हळू. लगेच गेलास ना रे?

हो म्हणायचंय मला. फक्त हो. माझ्या आधीच्या खोट्याबद्दल काय हवी ती शिक्षा होऊ दे, एवढं एक खोटं मला—

दात आवळून धरलेत. जीभ आतून रेटतेय, माझी नाही ही, जाड आहे, तोंड उघ