गुलछडीची जुडी

३ ऑक्टोबर २००४, रविवार

भाऊ अध्यक्षपद सोडणार! माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन सांगितलं. "बाई, चोवीस तारखेच्या सभेत तुमचं नाव घाला. माझं झालं आता." कारण विचारलं तर बशीकडे बघत बसले.

निर्मळ हवा मंडळ म्हणजे आम्ही तिघं. अध्यक्ष भिमाजीभाऊ, मखमलाबादला फुलांची शेती. खजिनदार कुंदन, ज्याच्याकडे खजिना नाही, रिक्षा आहे. आणि चिटणीस मी, शाळेतून निवृत्त होऊनही सगळ्यांची शाळा घेणारी. बाकीचे सभासद वर्षातून एकदा येतात, पोह्यांना.

जाताना गुलछडीची जुडी ठेवून गेले. नऊ वर्षांत एकही बैठक फुलांवाचून झाली नाही. पूर्वी जुडी केळीच्या सोपटाने बांधलेली असायची. दोनेक वर्षं झाली, रबर लावून आणतात. भाऊपण आळसावले! राग आला होता, तरी फुलं पाण्यात ठेवलीच.

४ ऑक्टोबर

घरभर गुलछडीचा वास. राग तसाच.

९ ऑक्टोबर, शनिवार

धूर शोधायच्या पहाटेच्या फेरीला भाऊ आले नाहीत. "दसऱ्याची गडबड हाय" असा निरोप. कुंदन आणि मी आडगाव नाक्यावरूनच परत फिरलो. करणार काय? धूर दिसतो सगळ्यांना, पण तो कशाचा ते भाऊंच्या नाकाला कळायचं.

शहाण्णव सालची ती सकाळ आठवली. तेव्हा कुंदनची रिक्षाच सगळ्यांत जास्त धूर सोडायची. आम्ही हवा वाचवायला निघालोय आणि मागे काळा लोट! लोक हसायचे. त्याने पुढे इंजिन उघडून नीट केली, पण त्या दिवशी आम्ही तशाच धुरात निघालो होतो. भाऊ कुंदनशेजारी अर्ध्या सीटवर, मान बाहेर काढून. "डावीकडं घे. आता सरळ. टायर जळतंय कुठंतरी." शेवटी एका गुऱ्हाळाशी पोचलो. चुलवणात खरंच टायर. मी तर कायदा सांगायला पदर खोचूनच उतरले होते. भाऊंनी मला मागे थांबवलं, मालकाजवळ बसले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पाव्हणं, गुळाला वास लागलाय तुमच्या. खाऊन बघा." मालकाने खाल्ला. पुन्हा टायर घातलं नाही. दिवाळीला ढेप पाठवली वर!

काय दिवस होते. थंडीत कुडकुडत निघायचो, तिघांत एक शाल, आणि कुठल्याही टपरीवरचा चहा गोड लागायचा. हल्ली फेरीत भाऊ गप्प असतात. कुंदनच विचारतो, "भाऊ, डावीकडं ना?" आणि ते मान हलवतात.

भाऊंशिवाय आमचं कोण ऐकणार? माझ्या भाषणाने एक तरी चूल विझलीय का आजवर?

१० ऑक्टोबर

कुंदनला खोदून खोदून विचारलं. "राहू द्या ना बाई, माणूस थकतो." त्याला काहीतरी माहीत आहे. मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं!

१४ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. सभेच्या पत्रावर अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव घालवेना. जागा कोरी ठेवली.

१७ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी कुंदनच्या रिक्षाने मखमलाबादला गेले, भाऊंच्या गावातल्या घरी. भांडायचं ठरवूनच गेले होते. सखूताई, त्यांची मंडळी, गोठ्यात होत्या. भाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसलेले. मी सुरू झाले – नऊ वर्षं, जबाबदारी, वगैरे वगैरे. मध्येच करपल्याचा वास आला. मला वाटलं उठतील. उठले नाहीत. वास एवढा वाढला की माझे डोळे चुरचुरले. भाऊ आपले माझ्याकडे बघत ऐकतायत.

सखूताई अंगणातून धावत आल्या. "अहो, दूध! बाजूला तर बसलेत ना तुम्ही!"

भाऊंनी वळून पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला तेव्हा कळलं.

"मागं ताप आला व्हता ना मोठा, दोन साल झालं," ते म्हणाले. "तवापासून काहीच येत नाय. धूर नाय, फूल नाय. कुंदननं सांभाळून घेतलं. पण किती दिस मान हलवायची, बाई? हवेचं मंडळ अन् अध्यक्षाला वास नाय. लोक हसतील."

मी म्हणाले, लोक कुंदनच्या रिक्षालाही हसायचे. आपण मंडळ बंद केलं नव्हतं.

सखूताई पातेलं घासत राहिल्या. परत येताना रिक्षात मला रडू आवरेना. दोन वर्षं शेजारी बसून मला कळू नये! कुंदनशी बोलले नाही. उतरताना मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवला.

२२ ऑक्टोबर, दसरा

भाऊ सोनं द्यायला आले. सभेचा विषय मीही काढला नाही, त्यांनीही नाही. "उद्या फेरीला या," एवढंच म्हणाले मी.

२३ ऑक्टोबर, शनिवार

आले. अजून उजाडलं नव्हतं. कालव्याच्या कडेने त्यांच्या शेतावरून जाताना मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, तुमची गुलछडी काय फुललीय! इथपर्यंत वास येतोय."

वास कसलाच नव्हता.

भाऊ म्हणाले, "गुलछडी कधीच काढली, बाई. वास येईना तर लावू कशाला? तिथं कोबी हाय आता. तुम्हाला आणतो ती बाजारातनं इकत घेतो."

कुंदन पुढे बघून रिक्षा चालवत राहिला.

थोड्या वेळाने भाऊच बोलले. "उद्या माझंच नाव राहू द्या. वास तुम्ही सांगत चला. फक्त कोबीला कोबी म्हणा."