दुसऱ्या बाजूचे ड्रम

रविवार, ६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. वर तुझं छापील नाव, खाली तुझी सही आणि मधला मजकूर तुझ्या ऑफिसातल्या कोणी तरी टाइप केलेला. बहिणीला टाइप केलेलं पत्र पाठवणारा भाऊ म्हणजे खरोखर मोठा माणूस, असं हे म्हणाले. यांची बसवरची ड्युटी सध्या सकाळची आहे, त्यामुळे दुपारभर घरात यांचीच बडबड. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही. माझं दुकान बरं चाललंय. लोकांना दिवसेंदिवस कमी ऐकू येतं आणि त्यावरच माझं पोट चालतं. कानाचा साचा घ्यायचा, त्यात मशीन बसवायचं आणि समोरचा माणूस पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून दचकला की त्याला म्हणायचं, सवय होईल.

आता तुझ्या कामाचं. रेडिओवरची ती चर्चा आम्हीही ऐकतो. दर आठवड्याला एक जुना हिप हॉप अल्बम घ्यायचा आणि त्याचा आवाज नेमका घडवला कोणी यावर दोन तास भांडायचं. यांच्या डेपोत तर दोन तट पडलेत. ज्यांना दोन ओळी पाठ नाहीत तेसुद्धा लूप कुठून उचलला आणि मिक्सिंग कोणाचं यावर हमरीतुमरीवर येतात. तुमचा 'बंद लिफ्ट' शेवटी ठेवलाय, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त जुंपणार. निम्मे म्हणतात ते ड्रम दादाचे, निम्मे म्हणतात तुझ्या तेव्हाच्या जोडीदाराचे, ढापण्याचे.

तुला वाटतं की त्या खोलीत तिसरी मीच होते, म्हणून मी रेडिओवाल्यांना सांगावं की ड्रम तू वाजवलेस. गंमत अशी की ढापण्याचंही पत्र आलंय. त्याने बिचाऱ्याने हाताने लिहिलंय. त्यालाही मीच साक्षीदार हवी आहे, अर्थात त्याच्या बाजूने. बावीस वर्षांत तुम्हा दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की बारकी तिथे होती.

हो, होते. टायरच्या दुकानावरची ती खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, खालून येणारा रबराचा वास. ढापण्या कुठून कुठून जुन्या रेकॉर्डी आणायचा आणि त्यातले दोन सेकंदांचे तुकडे शोधत बसायचा. तो कान त्याचाच, त्याचं श्रेय मी कोणालाही घेऊ देणार नाही. शब्द तुझे, आवाज तुझा, त्यातही कोणाचा वाटा नाही. अल्बमच्या वेष्टणावर शेवटून दुसऱ्या ओळीत माझंही नाव आहे. 'चहा: बारकी'. आईने ते वेष्टण पुढच्या खोलीत चौकट करून लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओळ बोट ठेवून दाखवते.

रेडिओवाल्यांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. 'आईसाठी तरी' असं तू लिहिलंयस. आईसाठी मी बरंच केलंय, त्याची यादी नको. विचार करून कळवते.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
बारकी

०

मंगळवार, १५ मार्च

दादा,

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून हे लिहिते आहे. कागदाला मधेच तोडता येत नाही.

मी काय मागते आहे, असं तू तीनदा विचारलंस. तुला वाटलं मला रेडिओवर झळकायचंय. या वयात, या खोकल्यासकट. मला काय हवंय ते शेवटी सांगते. आधी काय झालं ते सांगते, कारण ते झालं नसतं तर मी याही वेळी मूग गिळून बसले असते.

शनिवारी दुपारी यांनी कॅसेट लावली. तुझी ताजी मुलाखत नुकतीच वाचून झाली होती आणि त्यातलं ते तुझं सुप्रसिद्ध वाक्य हे मला मोठ्याने ऐकवत होते. पहिल्या बाजूला लिफ्ट चालू असते म्हणून ड्रम सरळ, दुसऱ्या बाजूला लिफ्ट बंद पडते, माणूस जिने चढून दमतो, म्हणून प्रत्येक चौथा ठोका किंचित मागे राहतो. वा. हे म्हणाले, तुझ्या भावाच्या डोक्यात एवढं येणं शक्य नाही, हे ढापण्याचंच. मी भाजी निवडत होते. दुसरी बाजू सुरू झाली आणि माझा हात टेबलावर चालायला लागला. मला कळलंही नाही. हे कळतच नाही दादा, ते अंगात राहून गेलंय.

यांनी कॅसेट बंद केली आणि म्हणाले, पुन्हा कर. मी केलं, गाण्याशिवाय. तीन ठोके जागच्या जागी आणि चौथा मागून. मग यांनी कॅसेट चालू केली आणि मला थांबू नको म्हणून खुणावलं. केसाएवढाही फरक नव्हता. वीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगणारा माणूस आहे हा. यांनी माझा उजवा हात उचलून उजेडात धरला आणि मधलं बोट पाहिलं, जे लग्नापासून रोज पाहतात.

"हे सायकलवरून पडून झालेलं नाही," हे म्हणाले.

मी नाही म्हटलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. ढापण्याने ते सॅम्पलर, म्हणजे बोटांनी ड्रम वाजवायचं मशीन, आणलं तेव्हा त्याच्यासोबतची माहितीपुस्तिका तुम्ही दोघांनी दहा मिनिटं चाळून फेकून दिली होती. ती मी वाचली, सगळी सुट्टी घालवून. सोळा रबरी पॅड, प्रत्येकाला एक आवाज. ठोका चुकला तर आपोआप सरळ करून देणारं एक बटण होतं, ते मी कायम बंद ठेवायचे, कारण मला त्याची गरज नव्हती. हात तेवढा पक्का होता. ही बढाई नाही, पहिल्या बाजूची चार गाणी ऐक. आज लोक भांडतात की ते बटण बंद ठेवण्याचं धाडस दोघांपैकी कोणाचं. धाडस कसलं, सोळा वर्षांच्या मुलीचा तो तोरा होता.

चार गाणी झाली होती, पाच राहिली होती. त्या दिवशी तू वेष्टणाचा नमुना घेऊन आलास. मी सगळी नावं वाचली. ड्रम या शब्दापुढे तुझं नाव, शेजारी ढापण्याचं, आणि खाली माझा चहा. ढापण्या काही तरी आणायला खाली गेला होता. तू मशीन त्याच्या लाकडी पेटीत ठेवत होतास. मी पेटीच्या काठावर हात ठेवला आणि म्हटलं, माझं नाव ड्रमपुढे लिही, नाही तर उद्यापासून मी वाजवणार नाही.

तू म्हणालास, "हात काढ."

मी काढला नाही. तू झाकण आपटलंस.

एकदा सांगितलं होतंस, हे मी मान्य करते. चुकून लागलं असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. पण झाकण आपटताना तू माझ्या हाताकडे पाहत होतास, तोंडाकडे नाही. मी किंचाळले, तू घाबरलास, मग तू मला पाणी दिलंस, मग तू म्हणालास की आईला सायकल सांगू. आणि मी मान हलवली. तो माझा वाटा. मला तुझी भीती वाटत नव्हती, हे तुला आज सांगते. मला भीती होती की खरं कळलं तर आई ती खोली बंद करेल आणि माझे ड्रम जातील.

दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमच्या दोन काड्या बोटाला बांधून तू मला मशीनपुढे बसवलंस. आधी गाणी होऊ देत, मग डॉक्टर. दोन दिवसांत पाच गाणी. चौथा ठोका त्याच बोटाचा होता आणि तो वेळेवर पोचत नव्हता. मी रडत म्हणत होते, चुकतंय, पुन्हा करू, निदान ते बटण तरी चालू करू. तू म्हणालास, चालेल, कोणाला कळतंय. डॉक्टरकडे पाचव्या दिवशी गेलो. तोवर हाड वाकडं जुळून गेलं होतं.

लोक त्या पाच गाण्यांना अभिजात म्हणतात. त्यावर लेख लिहितात. नवी पोरं मुद्दाम मागून ठोका मारायला शिकतात. मला मात्र ती कॅसेट कुठे लागली की फक्त चूक ऐकू येते, तीही दुरुस्त करू न दिलेली. पुढच्या दोन अल्बमांत तुम्हाला तो ठोका जमला नाही याचं लोकांना कोडं पडतं. मला नाही पडत. मी पुन्हा त्या खोलीत आले नाही, आणि बारकी का येत नाही हे तुम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही.

आता काय हवंय ते. ढापण्याच्या बाजूने मी बोलणार नाही आणि तुझ्याही नाही. ड्रम माझे होते एवढं मी रेडिओवर सांगणार आहे. त्याआधी तू इथे ये, आईसमोर बस आणि सायकलची गोष्ट खोटी होती एवढं सांग. एकच वाक्य आहे. तू तर शब्दांचा माणूस.

सोमवारपर्यंत वाट पाहते.

बारकी

०

गुरुवार, २४ मार्च

दादा,

सोमवार गेला. तू आला नाहीस. तुझ्या ऑफिसातल्या बाईचा फोन आला की साहेब दौऱ्यावर आहेत आणि त्यांनी निरोप दिलाय की घरातली गोष्ट घरात राहू द्यावी. मी तिला म्हटलं, बाई, ती बावीस वर्षं घरातच आहे.

काल मी रेडिओवर जाऊन आले. हे सोबत होते, रजा टाकून. लहानशी खोली, मधे गोल टेबल, एका बाजूला कार्यक्रम चालवणारा निवेदक आणि दुसऱ्या बाजूला ढापण्या. तो पार म्हातारा दिसतो रे. मी त्याच्या बाजूने बोलायला आले असं समजून तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली. मी बसले आणि सांगितलं की तुम्ही ज्यांच्यावरून भांडताय ते ड्रम मी वाजवले.

निवेदक हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. वेष्टणावरची चहाची ओळ त्याला पाठ होती. मग त्याने तसलंच जुनं मशीन आणवलं आणि माझ्यापुढे ठेवलं, थोडंफार आव्हान म्हणूनच. मी ते बटण बंद केलं. आधी पहिल्या बाजूचं पहिलं गाणं वाजवायला घेतलं, ते मला आता येत नाही, बोटाने दगा दिला. मग दुसरी बाजू. आठ मात्रा झाल्या असतील, काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले आणि आमच्याकडे पाहत राहिला.

ढापण्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तेव्हा जिन्यात होतो," तो म्हणाला. "मी ऐकलं होतं."

एवढंच. म्हणजे तोही जाणून होता, आणि तरी परवापर्यंत पत्र लिहून माझ्याकडे माझेच ड्रम मागत होता. मला वाटलं होतं माझा राग तुझ्या एकट्यावर आहे. तो तसा नाही, पुष्कळ शिल्लक निघाला.

मग निवेदकाने तो प्रश्न विचारला, जो विचारण्यासाठीच हा सगळा कार्यक्रम आहे. चौथा ठोका मागे का? पहिली बाजू सरळ आणि दुसरी अशी का? ती कल्पना कोणाची? हे काचेपलीकडे उभे होते. यांना वाटलं आता मी सांगणार. मलाही तसंच वाटलं होतं, सगळं वाक्य तयार होतं. आणि दादा, माझ्या तोंडून ते निघेना. बावीस वर्षं तुला पाठीशी घालून जीभ तिकडेच वळायला लागली आहे. 'सायकल' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.

मी म्हटलं, "ते माझ्या भावाला विचारा. त्याला एकट्यालाच ठाऊक आहे."

माझं बोलणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलंय. या सोमवारी दुपारी शेवटचा भाग थेट प्रसारित होणार आहे आणि तू येण्याचं कबूल केलेलं आहेस. तुझी तारीख त्यांनी माझ्यासमोर तपासली. आधी माझं बोलणं आणि वाजवणं लावतील आणि मग पहिला प्रश्न तुला हाच. तुझी ती दमलेल्या माणसाची आणि जिन्यांची गोष्ट सांगायला तुला कोणी अडवणार नाही. मी तर नाहीच. उलट फोन करून भांडणारही नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला फक्त एवढं माहीत आहे की सोमवारी दादा रेडिओवर आहे. दुपारची झोप सोडून ती पुढच्या खोलीत बसणार आहे. मी दुकान बंद ठेवून तिच्या शेजारी बसेन. तू जे बोलशील ते आम्ही दोघी एकदमच ऐकू.

तोपर्यंत तरी तुझी बहीण