विनिताची कॅसेट

प्रिय सम्यक,

हे 'प्रिय' कमळाबाईंनी घातलं. मी 'अरे बोक्या' सांगितलेलं, पण त्या बालवाडीच्या बाई, त्यांना शिस्त लागते. मी बोलतेय, त्या मोबाइलवर टाइप करतायत, आणि तिकडे ठाण्यात तुझ्या फोनातली नाकात बोलणारी बाई तुला वाचून दाखवेल. मला अक्षर येत नाही, तुला दिसत नाही. एका पत्राला दोन बायका कामाला लावल्यात आपण.

परवा तुझ्या सत्काराला पहिल्या रांगेत बसलेले. मोठा आवाजाचा इंजिनियर म्हणे. कोपर स्टेशनाजवळच्या खोलीत माझं डोकं खायचास तो तूच ना? वीज चमकली की मी 'आता' म्हणायचं, गडगडेपर्यंत तू आकडे मोजायचास, आणि वीज किती लांब होती ते मला ऐकवायचास. कळशी भरत आली की आवाज चढतो म्हणून माझ्याआधी तूच ओरडायचास, नळ बंद कर. भंगारातल्या स्पीकरचा चुंबक तर उशाशी. त्याच्यापायी माझी एक पिन जागेवर राहिली नाही.

विनिता, तुझी आई, गेली तेव्हा तू चार वर्षांचा. तिने तुला गोष्ट सांगितलेली, ती एकच कॅसेट मागे राहिली. दर रविवारी लावायचो. तू सात वर्षांचा असताना एका रविवारी नुसती खरखर आली. तुझ्या बापाने, साईनाथने, कधी नव्हे तो हात उचलला. तू रडला नाहीस. म्हणालास, "मीच पुसला, आजी. चुंबक जवळ ठेवलेला." टेपवर लोखंडाची पूड असते, तिच्यावर आवाज बसतो, हेही समजावलंस. एवढंसं पोर, स्वतःविरुद्ध शास्त्रातून पुरावा काढून देत होतं. दुसऱ्या दिवशी चुंबक गटारात टाकलास.

तेच परवा स्टेजवर सांगितलंस. आईचा आवाज मी पुसला, म्हणून आवाज जपायचं काम धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरून उठले नाहीत.

अरे, खरखर आली त्या रविवारच्या आदल्या दिवशी घरात कोणी नव्हतं. सुनेचा आवाज यंत्रात राहिला, आपला कसा येतो बघावं, असं मनात आलं. कोरी समजून हाताला आली ती कॅसेट घातली. वर काय लिहिलंय ते मला काय कळणार. लाल बटण दाबलं, आणि जन्मभर तोंड न थांबलेल्या बाईला एक शब्द सुचेना. कॅसेट संपेपर्यंत भाजी निवडत बसले. रविवारी कळलं मी काय केलं. तुला मार बसताना मध्ये पडले, पण बोलले नाही. मग रोज उद्यावर टाकलं. तेवीस वर्षं.

फोनवर सांगितलं असतं तर 'जाऊ दे गं' म्हणून तू मला लगेच सोडवलं असतंस. म्हणून हे लिहवून घेतलं. सकाळी साईनाथला सांगितलं. त्याने कपाटातून ती कॅसेट काढली, आणि शर्ट बदलून तुझ्याकडेच निघालाय. तुझ्या मोठ्या मशीनवर लाव. आमच्या डबड्यात तेव्हा कळलं नाही, पण खरखरीखाली तुला भाजी निवडतानाच्या माझ्या बांगड्या ऐकू येतील. चुंबक बांगड्या घालत नाही, बाळा.

तुझीच लबाड आजी,
केशर