लायल समाचाराला येतो

प्रिय साल्वो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच खिडकीत ठेवून देशील आणि तुझी लेक रोझाना ते फोडून तुझ्या ताटाशेजारी ठेवेल, अशा भरवशावर लिहिते आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दोनदा "हं" म्हणतोस, मग वारा सुटलाय, बोट बघायला जायचंय असं काहीतरी सांगून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. निदान अर्धं तरी वाचून होतंच.

मी बरी आहे. पर्थमधल्या या फ्लॅटची आता सवय झाली आहे. गॅलरीतल्या कुंड्यांत तुळशीसारखी आपली बासिल फोफावली आहे, आणि गुडघा कुरकुरतो पण चालतो. सांगण्यासारखी बातमी एकच. मंगळवारी लायल ग्रेंजर माझ्याकडे आला होता. एकटा, ड्रायव्हर न घेता, त्या जुन्या गाडीतून, जिच्या दाराला अजून गंज आहे. आंब्यांची पेटी खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आला. समोरची मिसेस फेअरली दारातून बघतच राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "एवढा अब्जाधीश माणूस, पण बघ ना, पाय कसे जमिनीवर आहेत." मी म्हटलं, "हो, आणि जमीनही त्याचीच आहे." तिला ते विनोदी वाटलं.

तो कशासाठी आला होता ते सांगतेच. पण आधी मला सगळं सुरुवातीपासून मनात जुळवून बघायचं आहे, कारण त्या दिवसापासून मला भीती वाटते आहे की मी त्याच्यावर अन्याय करते आहे. आणि तेवढीच भीती वाटते की करत नाहीये.

गेल्या महिन्यात इथल्या पेपरात त्याच्यावर दोन पानं आली होती. पोर्ट हॅलोरनचा अनवाणी पोरगा, मागून आणलेली होडी, पहाटेचा गार वारा, आणि आज निम्म्या किनाऱ्याच्या शेवंडींचा, म्हणजे इथल्या भाषेत लॉबस्टरचा, मालक. खोटं त्यात काही नाही. होडी होतीच, तू आणि मीही तिच्यात बसलो आहोत. पण लायल त्या होडीने श्रीमंत झाला नाही, साल्वो. तो श्रीमंत झाला डॉटमावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली. तुला आठवतं ना, धक्क्याचा वायरलेस तिच्याच घरी होता? संध्याकाळी सगळ्या बोटी तिला हाक द्यायच्या. कुणाचं इंजिन खोकतंय, कुणाच्या खलाशाने हाताचं बोट कापून घेतलंय, कुणाला घरी निरोप द्यायचाय. आपण तिथे बिस्किटांसाठी जायचो. लायल टेबलाखाली गृहपाठ घेऊन बसलेला असायचा, पण वहीचं पान काही उलटलेलं नसायचं. मला एकदा म्हणाला होता, "नेरी, जो ओरडून सांगतो की आज काही मिळालं नाही, त्याच्याकडे थोडं मिळालेलं असतं. जो गप्प बसतो ना, त्याच्या जागी जायचं." मी हसले होते. तो हसला नव्हता.

मग पिप्पोकाकाच्या इंजिनाची गोष्ट. ऐन हंगामात ते बंद पडलं, आणि काका धक्क्यावर डोकं धरून बसला तोवर लायल सुटा भाग हातात घेऊन हजर. फ्रीमँटलहून आधीच मागवून ठेवला होता. काकाने त्याला मिठी मारली, सगळ्यांसमोर रडला. घरी येऊन म्हणाला, "देवाने पाठवलं पोराला." आपली आई भांडी घासता घासता म्हणाली होती, "देवाला फ्रीमँटलहून यायला आठवडा लागतो. इंजिन तर काल बंद पडलं." कुणी लक्ष दिलं नाही. आईचं बोलणं आपण तिच्या गुडघेदुखीसारखंच धरून चाललो होतो, कायमचं आणि बिनमहत्त्वाचं. पुढचा हंगाम संपता संपता काकाने आपले शेवंडी पकडायचे पिंजरे लायलला विकले. भाव चांगला दिला त्याने, इतरांपेक्षा थोडा जास्तच.

तेव्हा पिंजरे विकणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला कळत होतं? लाकडी खोके आणि दोर, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर. सरकारने नुकतंच ठरवून टाकलं होतं की या समुद्रात पिंजरे इतकेच, यापुढे एकही नवा नाही. आपण म्हटलं, बरं झालं, शेवंडी टिकतील. लायलच्या एकट्याच्या लक्षात आलं की शेवंड कुणाच्या मालकीची नाही, समुद्रही नाही, पण पिंजरा टाकायचा हक्क मात्र कागदावर आहे, आणि कागद विकत घेता येतो. त्याला पाण्यात उतरायचीसुद्धा गरज उरली नाही. ज्याला म्हातारपण आलं, जिचा नवरा गेला, ज्याचे भाऊ भाऊ भांडले, त्या त्या दारी तो पोचला. रिकाम्या हाताने कधीच नाही. माशांची भाजलेली पाई, संत्री, एकदा तर कुणाच्या तरी कुत्र्यासाठी औषध. मग तेच पिंजरे त्याच माणसांच्या पोरांना भाड्याने. आज पिप्पोकाकाचा नातू काकाच्याच जागेवर काकाचेच पिंजरे टाकतो आणि अर्ध्याहून जास्त पकड लायलला देतो, वर त्याचे आभार मानतो की काम दिलं.

फसवलं म्हणावं तर एकही माणूस पुढे येणार नाही. हेच तर मला टोचतं. चोराला चोर म्हणता येतं. याला काय म्हणायचं?

माझ्याकडेही आलाच होता तो. माझा लेन वारला त्या सकाळी, पाद्री यायच्या आधी. टेबलावर झाकलेली बशी ठेवली, माझ्या पोरींचे बूट पुसून दाराशी ओळीने लावले आणि गेला. दफन झाल्यावर आठवड्याने पिंजऱ्यांचं बोलला. मी विकले. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, आणि ते बरोबरच होतं असं तुला आजही वाटत असेल. मला नाही वाटत. दोन पोरी होत्या, बोट चालवणारं कुणी नव्हतं, आज पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा विकेन. माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये, एवढं आताच सांगून ठेवते. पण एक प्रश्न मी तेव्हा विचारला नाही तो आता विचारते. लेनने घरातच प्राण सोडला, पहाटे, मी डॉक्टरला फोन केला आणि तुला. मग लायलला कुणी सांगितलं?

असेल, गावच लहान. डॉक्टरच्या बायकोने पाववाल्याला सांगितलं असेल. प्रत्येक वेळी असं एखादं साधं उत्तर सापडतंच.

ती सोसायटीची सभा तर तुझ्या डोळ्यांसमोरची. मच्छीमारांची सोसायटी, आपल्या वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली, बर्फाचा कारखाना, धक्का, शेवंडी जिवंत ठेवायच्या टाक्या, सगळं तिचं. माणशी एक मत, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. लायल त्या सभेत बोललाच नाही. तो मागे टेबलापाशी उभा राहून सँडविच कापत होता. उठला तो गस मॅलोरी, आणि म्हणाला की ज्याचे पिंजरे जास्त त्याची मतं जास्त असावीत, जोखीमही त्याचीच जास्त. तू ताडकन उभा राहिलास. "बुडताना माणूस एकटाच बुडतो, गस. पिंजऱ्यांच्या प्रमाणात नाही बुडत. मग मतं पिंजऱ्यांच्या प्रमाणात कशी?" सगळे हसले, टाळ्यासुद्धा वाजल्या. मग सगळ्यांनी सँडविच खाल्ली आणि गसच्या बाजूने हात वर केले. त्या हंगामात मंत्रीसाहेब लायलच्या बोटीवर मासेमारीला आले होते, नव्या नियमाला सरकारची मंजुरी लगेच मिळाली. गसला पुढच्या वर्षी डिझेलचा पंप मिळाला. फुटबॉल क्लबला दिवे मिळाले, गावाला रुग्णवाहिका मिळाली. त्या रुग्णवाहिकेने माणसं वाचली आहेत, मला ठाऊक आहे. म्हणूनच तिच्याकडे बोट दाखवायला कुणी धजत नाही.

एवढं सगळं होऊन सोसायटी अजून लायलची झाली नाही, ती तुझ्यामुळे. तू आणि तुझ्याबरोबरचे ते चारदोन हट्टी लोक. तुझ्या पिंजऱ्यांची मतं त्याच्या पारड्यात पडली की त्याचं बहुमत होतं, आणि मग धक्का, टाक्या, बर्फ, सगळं विकायचा ठराव तो स्वतःच मांडेल आणि स्वतःच विकत घेईल. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता मंगळवार. आंबे ठेवले, कॉफी घेतली, पोरींची चौकशी केली. दोघींच्या नवऱ्यांची नावं त्याच्या तोंडपाठ. मग म्हणाला, "नेरी, साल्वोने आता थांबावं. तू सांगितलंस तर ऐकेल."

मी म्हटलं, "माझं? तो माझ्याशी धड बोलतही नाही. आणि त्याला थांबायला काय झालंय? बैलासारखा आहे."

"हृदयाचं दुखणं आहे, थट्टा नाही. शस्त्रक्रियेनंतर डेकवर उभं राहता येत नसतं. मी त्याला असा भाव देईन की रोझानालाही काही कमी पडणार नाही. त्याला माझं नाव काढलं तरी राग येतो, म्हणून तुझ्याकडे आलो."

मी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलला. साल्वो, मी या माणसाला लहानपणापासून ओळखते, आणि आपण बोलायला घाई केली हे त्याच्या लक्षात आल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला काहीच ठाऊक नाही, हे त्याला कळलं.

"तुला त्याने सांगितलं नाही?" तो हळू आवाजात म्हणाला.

"तुला सांगितलं?"

"गावातलं कुणीतरी बोललं."

"कोण?"

त्याने टोपी उचलली. "तू दमलेली दिसतेस," म्हणाला, आणि गेला.

मग मी सरळ रोझानाला फोन केला. बिचारी रडायलाच लागली. तू तिला शपथ घातली होतीस की गावात एका शब्दानेही कुणाला कळू द्यायचं नाही, आणि तिने पाळली. तुम्ही दोघं गाव झोपेत असताना निघून इथे पर्थला येऊन तपासण्या करून परत गेलात, माझ्या घरापासून बसच्या अंतरावरही नाही, चालत येण्याच्या अंतरावर. कुठल्या रुग्णालयात, विचारलं. तिने सांगितलं. दारावरचं नाव वाचलं होतं का, विचारलं. म्हणाली, आत्या, बाबांचा हात धरला होता, मी काही वाचलं नाही. साल्वो, तो हृदयाचा विभाग लायलने बांधून दिला आहे. त्याच्या विश्वस्तांमध्ये तो बसतो. कुणी तुझे कागद त्याला दाखवले, असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही आणि कधी मिळणारही नाही. कदाचित एखादी भाबडी नर्स म्हणाली असेल, तुमच्या गावचे एक गृहस्थ येऊन गेले हो. कदाचित तो नुसता टेबलापाशी बसला असेल, आणि लोक बोलत राहिले असतील.

म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या बसने मी येते आहे. मला न्यायला येऊ नकोस, बॅग उचलू नकोस, जिना चढू नकोस. शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात होते, मी चौकशी केली आहे, थोडी उशिरा होईल पण होईल. त्याआधी पिंजरे रोझानाच्या नावावर कर. पोरगी तुझ्या डेकवर तुझ्याइतकंच ओझं उचलते, आणि तुला हे सांगायला घाबरते. मी घाबरत नाही. तो तुझ्या दारी येईल, कदाचित मी पोचायच्या आधीच, आणि येईल तो प्रेमानेच. त्याचं ते प्रेम खोटं आहे की खरं, मला आजही कळलेलं नाही, बहुधा त्यालाही नसेल. त्याला कॉफी दे, सही देऊ नकोस. आणि मी आले की एवढंच कर, तुझं काय दुखतंय ते मला तुझ्या तोंडाने सांग. मला ठाऊक आहे तरी सांग. माझ्या भावाची बातमी मला त्या माणसाकडून कळावी, हे मला सहन झालेलं नाही.

तुझीच,
नेरीना