नळाखालच्या कविता

४ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझी आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळी तिच्या फुंकरीचा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी. तू गुडघे फोडून यायचीस, ती ओठांचा चंबू करून लांबलचक फू करायची आणि मी शेजारी उभा राहून शाळेतली कविता म्हणायचो. तुझं रडणं दुसऱ्या कडव्यापर्यंत काही टिकायचं नाही.

जावईबापू बोटीवर, तुझं प्रयोगशाळेचं प्रशिक्षण महिनाभर परगावी. भिंगरीला खुशाल माझ्याकडे सोड. तीन वर्षांच्या पोरीला लागतं काय? पडली तर फुंकर, भाजलं तर टूथपेस्ट, वर कविता फुकट.

नातीला पापा. उत्तराला आळस नको.

तुझा,
बाबा

११ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आधीच सांगते, भिंगरी आता मजेत आहे. परवा तिनं टेबलावरचा कप ओढला आणि कढत चहा हातावर सांडला. मी तिला उचलून थेट नळाखाली धरलं. सासूबाई चार दिवस आल्या होत्या, त्या टूथपेस्ट घेऊन धावल्या. मी लावू दिली नाही. बर्फ नाही, फुंकर नाही, वीस मिनिटं नुसतं नळाचं पाणी. पोर किंचाळत होती. सासूबाई म्हणाल्या, आई आहेस की फौजदार! माझा हात मात्र हलला नाही. बाळंतपणानंतर सिस्टरनं आम्हा आयांना हे शिकवलं, तेव्हा आम्ही खिदळत होतो. परवा हात आपोआप चालले. मग स्वच्छ फडकं सैल गुंडाळून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी मिळालं म्हणून थोडक्यात निभावलं.

तुमचं पत्र त्याच संध्याकाळी आलं, मी मोठ्यानं वाचलं. तरीही मी ऐकलं नाही, म्हणून सासूबाई दुसऱ्या सकाळी रुसून आपल्या घरी गेल्या.

बाबा, रागावा हवं तर, पण टूथपेस्टच्या भरवशावर मी पोर सोडणार नाही. प्रशिक्षणाला नकार कळवते आहे.

राग ओसरला की माया पूर्वीसारखीच करा.

तुमची,
ठमी

१७ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

नकार कळवू नकोस. कळवला असशील तर मागे घे!

दोन दिवस फुगून बसलो, खोटं कशाला बोलू. मग गल्लीतल्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेलो. तिनं माझाच हात नळाखाली धरायला लावला. वीस मिनिटं किती लांब असतात गं! तेवढा वेळ रडतं पोर धरून ठेवायचं, हीच खरी कसरत. मी आपला सवयीनं चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणू लागलो. पुस्तक संपलं तेव्हा सिस्टरनं घड्याळ दाखवलं. वेळ भरली होती! शेजारच्या बाकावरचं सुई टोचून घेतलेलं बाळ टकामका माझ्याकडे बघत होतं. सिस्टर म्हणाली, आजोबा, रोज येत जा.

म्हणजे बघ, नळ तुझा, कविता माझ्या. टूथपेस्ट दातांना. फुंकर तेवढी आईच्या आठवणीत राहू दे.

थांब, दार वाजतंय.

विहीणबाई! एकट्या, हातात भली मोठी पिशवी. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं म्हणे, सूनबाईचंच बरोबर निघालं. पण पोर एकट्या कवीच्या हवाली करायची नाही, महिनाभर त्याही इथेच राहणार. तू बिनघोर जा, असं कळवायला सांगतायत. घशात घास अडकला तर पाठीवर थापा कशा मारायच्या, तेही शिकून आल्यात, आणि दाखवायला मलाच वाकायला सांगतायत.

वाकतो.