दहा सेकंदांची मुदत

ती. दादांना साष्टांग नमस्कार. (कोपरापासून नव्हे, अगदी मनापासून.) तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे, म्हणजे ताप वगैरे काही नाही.

तुमची बहीण ‘चार दिवस राहून येते’ म्हणून तुमच्याकडे आली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. कारण तिनं सांगितलं नसेलच. ती सांगत नाही, ‘बरं’ म्हणते. म्हणून मीच सांगतो. आमच्या कचेरीतल्या नकाशेवाल्यानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला, की एका कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम (म्हणजे तो चालवणारे कारभारी) सुखानं नांदतात. जुनी तिची, नवी माझी. (या गृहस्थाला स्वतःच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा मिळत नाही, हे मला मागाहून कळलं.) झालं! दोनेक महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर पसारा मांडून बसलो. डिस्कवरच्या जागेची वाटणी करताना मोठा हिस्सा अर्थात मी घेतला. मग यंत्रानं काहीतरी लांबलचक विचारलं. आता दादा, तीस वर्षं समोर येईल त्या कागदावर न वाचता सही ठोकणारा माणूस मी, ‘हो’ दाबून मोकळा झालो. ‘या भागातलं सगळं पुसून टाकू का?’ असा तो प्रश्न होता.

तिची सिस्टिम वाचली, पण त्या भागात तिचे भरतकामाचे नमुने होते. बारा वर्षांत काढलेले, तीनशे चाळीस. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बरं.’ अहो, चार शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं! दुसऱ्या दिवसापासून ती सगळं पहिल्यापासून काढायला बसली.

पण मला खरं खातंय ते पुढचंच. सुरू होताना यंत्र विचारतं, कुठली सिस्टिम उघडू? दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर माझी उघडायची, ही मुदत मीच घातलेली. बटण दाबून, हात पुसून, चष्मा शोधून ती येईपर्यंत माझी उघडलेली असायची. मग बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. महिनाभर हे चाललं होतं आणि मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतो. परवा उरलेसुरले नमुने शोधायला मी स्वतः तिची सिस्टिम उघडायला गेलो, आणि चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत तीनदा माझीच उघडली. तेव्हा अक्कल आली. लाज वाटते, दादा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. दुरुस्तीवाल्यानं दोनशे अकरा नमुने परत मिळवले. नावं मात्र गेली, नुसते आकडे उरलेत. त्यात वेल कुठली नि मोर कुठला, हे मला सात जन्मांत कळायचं नाही.

आणखी एक. ती मुदत काढून टाकलीय. आता उत्तर मिळेपर्यंत यंत्र थांबून राहतं. मीही.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. तिचा चष्मा इथंच टेबलावर राहिलाय. पोस्टानं पाठवू की इथंच ठेवू, तेवढं तिला विचारून कळवा.